बा ना हिल्स: व्हिएतनामच्या डोंगरावरचं फ्रेंच गाव नीट कसं पाहावं

व्हिएतनाममधल्या दानांग शहराच्या पश्चिमेला, डोंगरमाथ्यावर एक फ्रेंच गाव आहे. दगडी चर्च, उतरत्या छपरांची उंच घरं, फरसबंद गल्ल्या, मधल्या चौकात कारंजं आणि त्याच्याभोवती नाचणारे युरोपीय कलाकार. सन ग्रुप या व्हिएतनामी कंपनीनं हे सगळं अलीकडच्या काळात उभं केलं. मराठी मंडळींच्या व्हिएतनाम सहलीत आता हा दिवस ठरलेलाच असतो. तिथून परतलेल्यांची मतं मात्र दोन टोकांची ऐकू येतात. कुणाला ते स्वप्नवत वाटतं, कुणी म्हणतं नुसती गर्दी आणि सिमेंट. दोघंही खोटं बोलत नसतात. कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कोणत्या केबल कारनं वर गेलात, यावर तिथला दिवस ठरतो. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

आधी थोडा इतिहास, कारण पाहताना तो उपयोगी पडतो

वरचं गाव नवं असलं तरी डोंगराशी फ्रेंचांचं नातं खरं आहे. दानांगला ते तुरान म्हणत. किनाऱ्यावरचा उन्हाळा त्यांना सोसेना, म्हणून 1900 च्या सुमारास फ्रेंच इंडोचायनाचे गव्हर्नर जनरल पॉल दूमे यांनी थंड हवेची जागा शोधायला माणसं पाठवली. कॅप्टन दबे यांच्या तुकडीनं बा नाचा माथा हेरला. 1919 पासून तिथं बंगले, रस्ते, हॉटेलं उभी राहू लागली. आपल्याकडे इंग्रजांनी महाबळेश्वर आणि माथेरान वसवलं त्यामागचा विचार हाच होता, फक्त त्यांनी तो सत्तर-नव्वद वर्षं आधी केला. पुढं फ्रेंच गेले, युद्धं झाली, बंगले मोडले आणि जंगलानं सगळं गिळलं. मूळ वसाहतीचे अवशेष आज थोडेच उरले आहेत.

म्हणजे वर तुम्हाला दोन फ्रेंच गावं दिसतात. एक नाटकाच्या नेपथ्यासारखं, मोठं, चकचकीत, फोटोसाठी बांधलेलं. दुसरं जवळजवळ अदृश्य, पण खरं. पहिल्याकडे नेपथ्य म्हणूनच पाहा, म्हणजे 'हे काय खरं युरोप नाही' अशी कुरकुर होत नाही. आणि दुसऱ्यासाठी तासभर राखून ठेवा. बहुतेक गट नेमका तोच तास वगळतात.

महिना निवडताना

माथ्याची उंची 1,487 मीटर आहे. महाबळेश्वरपेक्षा थोडी जास्त, कळसूबाईपेक्षा कमी. किलोमीटरभर उंचीला साडेसहा अंश हा ढोबळ हिशेब धरला तर खाली दानांगमध्ये 33 अंश असताना वर चोवीसच्या आसपास हवा असते. वारा आणि धुकं असेल तर त्याहूनही गार वाटते.

दानांगचा पावसाळा आपल्याशी जुळत नाही. आपल्याकडे जूनपासून धो-धो चालू असतो तेव्हा तिथं ऑगस्टपर्यंत कोरडा, कडक उन्हाळा असतो. तिथला खरा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, आणि त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे वादळांचा काळ. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम ठरवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. हनोई आणि उत्तरेकडचा भाग त्या दिवसांत सुंदर असतो, पण मधल्या किनारपट्टीवर पाऊस आणि पूर दोन्हींची शक्यता असते. जोराचा वारा किंवा विजा असल्या तर केबल कार थांबवतात.

माझ्या मते सगळ्यांत चांगला काळ मार्च ते मे. जून ते ऑगस्ट आकाश मोकळं असतं, पण व्हिएतनामी मुलांना सुट्ट्या असतात आणि गर्दी वाढते. जानेवारी-फेब्रुवारीत धुकं बरंच. तेत म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, 30 एप्रिल-1 मेची जोडसुट्टी आणि 2 सप्टेंबरचा राष्ट्रीय दिन, हे दिवस टाळलेलेच बरे. शक्य असेल तर मंगळवार ते गुरुवार यांतला वार घ्या. आणि एक सल्ला या सगळ्याहून महत्त्वाचा: दानांगमध्ये तीन रात्री असतील तर बा नाचा दिवस आधीच ठोकून ठेवू नका. आदल्या संध्याकाळी माथ्याचा हवामान अंदाज पाहून ठरवा. शहराचा अंदाज इथं कामाचा नाही.

व्हिसा, विमान, पैसे

भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा लागतो. एकदाच प्रवेशाचा 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचा 50 डॉलर, मुदत 90 दिवसांपर्यंत. तो व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढा. शोधल्यावर हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' आहे ना, एवढं बघितलं की पुरे. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर त्यासकट टाका. कामकाजाचे तीन दिवस म्हणतात, पण हाताशी दोन आठवडे असू द्या. अर्ज चुकला तर पैसे परत मिळत नाहीत. प्रवेशाचं ठिकाण निवडताना दानांग की हनोई हे विमानाच्या तिकिटाशी जुळवून घ्या.

मुंबईहून हनोई किंवा हो चि मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत. तिथून दानांग सव्वा-दीड तासाचं देशांतर्गत उड्डाण. बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरवरून येणंही सोपं. दानांगचा विमानतळ अगदी शहरात आहे, हॉटेलवर पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. घड्याळ दीड तास पुढं करा.

पैशांचा हिशेब सुरुवातीला गोंधळात टाकतो. एका रुपयाला साधारण 300 डाँग मिळतात. सोपी युक्ती अशी की शेवटची तीन शून्यं पुसायची आणि उरलेल्या आकड्याला सव्वातीननं गुणायचं. म्हणजे एक लाख डाँग सव्वातीनशे रुपयांच्या आसपास. नोटा देताना मात्र सावध. 20,000 आणि 5,00,000 या दोन्ही नोटा निळसर असतात आणि अंधारात, घाईत एकीऐवजी दुसरी हातातून जाते. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या की प्रश्न मिटतो.

तिकीट

मोठ्या माणसाचं तिकीट नऊ-दहा लाख डाँगच्या घरात असतं, म्हणजे तीन ते सव्वातीन हजार रुपये. भाव दरवर्षी बदलतो, तेव्हा जाण्याआधी बघून घ्या. मुलांचं तिकीट वयावर नसून उंचीवर ठरतं. एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला फुकट, एक मीटर ते 1.4 मीटरपर्यंत सवलत, त्यावर पूर्ण तिकीट. अकरा वर्षांचा उंच मुलगा इथं मोठा माणूस होतो. वयाचा दाखला दाखवून उपयोग नाही.

या तिकिटात केबल कार, दोन प्रचंड हातांनी पेललेला प्रसिद्ध सोनेरी पूल, बागा, उतारावरची छोटी रेल्वे आणि आतल्या खेळांच्या जागेतले बहुतेक खेळ येतात. मेणाच्या पुतळ्यांचं दालन आणि बक्षिसं जिंकायचे काही खेळ यांना वेगळे पैसे पडतात. जेवणासह मिळणारं कॉम्बो तिकीटही असतं. ते घ्यावं का, ते पुढं जेवणाच्या भागात सांगतो. तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन घेऊन मोबाइलवर क्यूआर कोड ठेवा. सकाळी खिडकीवरच्या रांगेत जाणारी वीस मिनिटं त्या दिवशी फार महाग असतात.

पायथ्याशी कसं पोचायचं

शहरातून पंचवीस-तीस किलोमीटर, गाडीनं पाऊण ते एक तास. जवळच्या होई आन गावात राहत असाल तर अर्धा तास जास्त धरा. चौघांचं कुटुंब असेल तर जाऊन-येऊन खासगी गाडी ठरवणं सगळ्यांत सोयीचं. चालक दिवसभर खाली थांबतो. हॉटेलच्या स्वागतकक्षात भाव विचारा, मग टॅक्सी मागवायच्या ग्रॅब ॲपवर तपासा, मग ठरवा. फक्त जायची ग्रॅब सहज मिळते, पण संध्याकाळी पायथ्याशी परतीची गाडी शोधणं त्रासाचं होऊ शकतं. एकटे-दुकटे असाल तर शहरातून शटल बस आहेत. स्कूटर भाड्यानं मिळते, रस्ताही चांगला आहे. पण तिथं चालेल असा परवाना नसेल तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते. डोंगर चढायला तर तसाही स्कूटरचा उपयोग नाही.

हॉटेलवरून साडेसहाला निघा. सुट्टीत कोण एवढ्या लवकर उठणार, असं वाटेल. दानांगमध्ये मात्र उन्हाळ्यात सव्वापाचला उजाडतं आणि पहाटे पाचला समुद्रकिनारा पोहणाऱ्यांनी भरलेला असतो. तुम्ही काही जगावेगळं करत नाही.

कोणत्या केबल कारनं चढायचं

दिवस इथंच सुधारतो किंवा बिघडतो. पायथ्यापासून एकाहून जास्त मार्ग आहेत आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी उतरवतात.

पायथ्याच्याच 'होई आन' नावाच्या स्थानकावरून निघणारा मार्ग 'मार्सेय' स्थानकावर, म्हणजे सोनेरी पुलाच्या दारात नेऊन सोडतो. तिथून पुढं 'बोर्दो' ते 'लुव्र' असा दुसरा टप्पा घेऊन फ्रेंच गावात जायचं. 'तोक तिएन' स्थानकावरून निघणारा मार्ग थेट वर, 'लँदोशीन' स्थानकात. हा मार्ग 5,801 मीटर लांब आहे आणि दोन टोकांच्या उंचीत 1,368 मीटरचा फरक आहे. 2013 मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. खाली दाट जंगल, मध्ये धबधबा, आणि शेवटच्या टप्प्यात अचानक ढगात शिरणं. मला विचाराल तर आख्ख्या दिवसातली सगळ्यांत सुंदर वीस मिनिटं या डब्यात जातात, आणि लोक ती मोबाइलवर रील बघण्यात घालवतात.

आता क्रम. दार उघडायच्या आधी, साधारण साडेसातला पायथ्याशी असाल तर होई आन-मार्सेय मार्गानं जा आणि पहिल्या लोंढ्यात पूल गाठा. नऊनंतर पोचणार असाल तर पुलाचा नाद त्या वेळी सोडा. तोक तिएनच्या मार्गानं थेट माथ्यावर जा, गाव बघा, आणि पुलावर दुपारी तीननंतर उतरा. तोवर दिवसाचे गट परतीला लागलेले असतात. कोणता मार्ग किती वाजेपर्यंत चालू आहे ते पायथ्याच्या फलकावर लिहिलेलं असतं. मार्गांच्या वेळा बदलत असतात, म्हणून त्या फलकाचा फोटो काढून ठेवा.

उंचीची भीती असेल तर डोंगराकडे तोंड करून बसा, दरीकडे पाठ. कान दडपले तर आवंढा गिळा. पोटभर नाश्ता करून चढू नका.

सोनेरी पूल

दगडी भासणाऱ्या दोन प्रचंड हातांनी उचलून धरलेला तो पूल जून 2018 मध्ये खुला झाला आणि त्याचे फोटो जगभर फिरले. लांबी सुमारे 150 मीटर. हात दगडाचे नाहीत. जाळीच्या सांगाड्यावर फायबरग्लास चढवून, वर शेवाळलेला रंग देऊन ते जुने भासवले आहेत. जवळ गेल्यावर हे कळतं आणि मजा कमी होत नाही, उलट कारागिरीचं कौतुक वाटतं.

पूल वळणदार आहे. आत शिरल्या शिरल्या सगळे पहिल्या हाताशी थांबतात आणि तिथंच कोंडी होते. तुम्ही सरळ पलीकडच्या टोकाला जा आणि तिथून वळून फोटो घ्या. दोन्ही हात एका चौकटीत येतात आणि माणसंही कमी. धुकं असेल तर निघून जाऊ नका. पंधरा-वीस मिनिटांत पडदा सरकतो आणि परत पडतो. तेवढ्यात मिळणारा फोटो स्वच्छ उन्हातल्या फोटोहून सरस असतो. छत्रीपेक्षा रेनकोट न्या, कारण गर्दीत छत्रीच्या काड्या शेजाऱ्याच्या डोळ्यांशी येतात.

तो राखून ठेवलेला तास

पुलाच्या परिसरातूनच बागांकडे आणि दबे तळघराकडे जाता येतं. हे वाइन साठवायचं तळघर 1923 मध्ये फ्रेंचांनी डोंगर पोखरून केलं. बाहेर कितीही ऊन असो, आत गार. कमानीचा बोगदा, बाजूला कोनाडे, मंद दिवे. वाइन पिण्याशी देणंघेणं नसलं तरी आत जाऊन या. आख्ख्या डोंगरावर शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी खरोखर वापरलेली वास्तू म्हणून दाखवण्यासारखं हेच आहे. शेजारच्या बागा मात्र सुबक आणि सगळीकडे असतात तशा. फुलांची आवड नसेल तर चालत राहा.

जवळच लिन उंग हे बौद्ध मंदिर आणि 27 मीटर उंचीची पांढरी ध्यानस्थ बुद्धमूर्ती आहे. दानांगमध्ये लिन उंग नावाची तीन मंदिरं आहेत. समुद्राकडच्या सोन त्रा डोंगरावर 67 मीटर उंच देवीची मूर्ती आहे ते वेगळं. चालकाशी बोलताना कोणतं ते स्पष्ट करा. मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पुलावरच्या फोटोंसाठी घातलेल्या कपड्यांचा इथं विचार करावा लागतो, तेव्हा पिशवीत एक ओढणी ठेवा.

फ्रेंच गाव आणि जेवण

माथ्यावर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे कार्यक्रमांची वेळ बघणं. चौकात नाच-गाणी आणि मिरवणुका ठरावीक वेळांना होतात. त्याभोवती जेवण आखा. सेंट डेनिसच्या नावाचं चर्च, त्यामागच्या पायऱ्या आणि हॉटेलच्या इमारतींमधल्या अरुंद गल्ल्या फोटोला चौकापेक्षा चांगल्या. लवासामध्ये इटलीच्या पोर्टोफिनोची छाया शोधत फिरलेल्यांना इथं फरक जाणवेल. इथं इमारतींची देखभाल सतत चालू असते, आणि गाव रिकामं नसतं.

साडेबारा ते दोन बुफेच्या हॉलमध्ये लग्नाच्या पंगतीइतकी झुंबड असते. अकराला किंवा अडीचला जेवा. कॉम्बो तिकिटाचा बुफे शाकाहाऱ्यांना परवडतोच असं नाही. समुद्री मासे आणि मांस यांवर त्याचा भाव ठरलेला असतो. भारतीय प्रवासी एवढे वाढले आहेत की भारतीय पदार्थांचा बुफेही मिळतो, पण तो कोणत्या हॉलमध्ये आणि कोणत्या तिकिटावर, हे घेण्याआधी लिहून घ्या. बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी नाही, त्यामुळे डब्याच्या भरवशावर राहू नका. सकाळी हॉटेलात हलकं खाऊन निघणं उत्तम.

व्हिएतनाममध्ये शुद्ध शाकाहारी हवं असेल तर 'आन चाय' म्हणा; 'चाय' म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे. भाज्या दिसल्या म्हणून पदार्थ शाकाहारी आहे असं समजू नका, कारण नुक माम हा माशाचा रस जवळपास सगळ्यात असतो. 'खोंग नुक माम' म्हणजे तो नको. बौद्ध पद्धतीच्या चाय जेवणात बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही टाळतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला अनेक व्हिएतनामी माणसं शाकाहार पाळतात. त्या दिवशी शहरात असाल तर साध्या गाड्यांवरही चाय सहज मिळतं.

मुलं असतील तर फँटसी पार्क या बंदिस्त खेळघरात तास-दोन तास सहज जातात. पाऊस आला की सगळं जग तिथं येतं, तेव्हा आकाश काळवंडताच आधी शिरा. डोंगरउतारावरून स्वतः ब्रेक लावत जायच्या छोट्या गाडीची रांग मोठी असते. ती सकाळी लवकर किंवा अगदी शेवटी करा.

ज्येष्ठांसाठी सांगायचं तर स्थानकांत आणि गावात सरकते जिने आहेत, तरी मधे मधे पायऱ्या आणि चढ लागतातच. गुडघे दुखणाऱ्यांना पूल, एक बाग आणि गाव एवढंच पुरे. मंदिराच्या पायऱ्या सोडून द्या. स्वच्छतागृहं भरपूर आहेत आणि व्हिएतनाममध्ये पाण्याचा फवारा सर्रास असतो, ही बातमी युरोपहून परतलेल्या मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

वर मुक्काम करावा का

गावातच मर्क्युर साखळीचं हॉटेल आहे. संध्याकाळी गट उतरून गेले की चौक मोकळा होतो, आणि सकाळी पहिली केबल कार यायच्या आत तुम्ही पुलाकडे निघू शकता. जोडप्यांना आणि फोटोच्या वेड्यांना हा खर्च पटेल. लहान मुलं असलेल्यांनी किंवा पावसाळी महिन्यांत जाणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. धुक्यात अडकलेली संध्याकाळ तिथं फार लांब वाटते. केबल कारचं तिकीट खोलीच्या भाड्यात आहे की नाही हे आरक्षण करतानाच विचारा.

उतरणं आणि दुसरा दिवस

चार ते पाच ही उतरायची सगळ्यांत वाईट वेळ. एकतर सव्वातीनला निघा, नाहीतर साडेपाचपर्यंत कॉफी पीत थांबा. शेवटच्या डब्याची वेळ सकाळच्या फोटोत असेलच. शनिवार-रविवार असेल तर रात्री नऊला शहरातल्या 666 मीटर लांबीच्या ड्रॅगन पुलावर ड्रॅगनच्या तोंडातून आग आणि पाणी सोडतात. ते बघायला साडेआठलाच नदीकाठ गाठा, आणि भिजायचं नसेल तर तोंडाच्या बाजूला उभे राहू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पुलाजवळचं चाम शिल्पसंग्रहालय चुकवू नका. डोंगरावर वसाहत सुरू झाली त्याच 1919 मध्ये फ्रेंचांनीच ते खुलं केलं, आणि ती पिवळी इमारत अजून वापरात आहे. आत मध्य व्हिएतनाममधल्या जुन्या, चाम लोकांच्या चंपा राज्यातली शिवलिंगं, नंदी, गणपती, नाचणारा शिव. मजकूर न वाचताही आपल्याला निम्म्या मूर्ती ओळखता येतात. आवडलं तर 'मी सोन' या ठिकाणची शिवमंदिरं तिथून सत्तरेक किलोमीटरवर आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजानं तिथं भद्रेश्वराचं मंदिर उभारलं होतं. अर्धा दिवस लागतो, ऊन चढायच्या आत आठला पोचा. निघताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून 'बान्ह मी' हा भरलेला पाव घ्या आणि फिल्टरमधून थेंब थेंब गळणारी कॉफी. हा पाव आणि ही कॉफीही फ्रेंचांबरोबरच इथं आली. शाकाहाऱ्यांनी पाव मागताना 'चाय' म्हणायला विसरू नये, नाहीतर आत लिव्हरची पेस्ट असते.